नवमीच्या ताटातला पॅनकेक

नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिचं पितर नवमीला असतं. त्या दिवशी तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बोलावतात. तिला हळदीकुंकू लावायचं, ओटी भरायची आणि गेलेल्या बाईला जे आवडत होतं ते तिच्या ताटात वाढायचं. ती उठायच्या आधी घरच्या माणसानं विचारायचं, "पोट भरलं का?" आणि तिनं म्हणायचं, "भरलं." सवाष्ण जेवली म्हणजे आपलं माणूस जेवलं, असं धरतात.

माझी बायको आशा गेल्या वर्षी श्रावणात गेली. यंदा तिचं वर्षश्राद्ध झालं आणि मागोमाग पहिली नवमी आली. आदल्या दिवशी संध्याकाळी सून मोनिका सामानाची पिशवी घेऊन निघाली होती. तिनं विचारलं, "बाबा, आईंना आणखी काय आवडायचं? सांगा, म्हणजे येताना घेऊन येते."

मी म्हणालो, "पॅनकेक. पण तो मी करणार. तू फक्त अंडी आण."

मोनिका दारात थांबली. आत माझी मोठी बहीण मालनअक्का गवार निवडत बसली होती. नवमीसाठी ती पिशोरहून बसनं आली होती. येताना शेतातला भोपळा, गवार, अळूची पानं घेऊन आली होती. तिनं निवडायचं थांबवलं.

"काय आणायचं म्हनला?"

"अंडी."

"पितराच्या सैपाकाला?"

"आशाला पॅनकेक आवडत होता अक्का. दोन वर्षं मी करून दिला तिला."

"तुझ्या दाजीला बिडी लई आवडायची. मग म्या काय ताटात बंडल ठिवत आले का त्याच्या?"

मोनिकाला हसू आलं, ते तिनं दाबलं. मला दिसलं ते.

पॅनकेकचं सगळं सांगायला हवं, नाहीतर मी हट्ट का धरला ते कळणार नाही.

आशाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं आणि तिच्या ताटातली एकेक वस्तू निघून गेली. मीठ गेलं. पापड, लोणचं, केळं, टमाटा, डाळ, सगळं गेलं. पाणीसुद्धा मापानं. बारा महिने ठेचा-भाकरी खाणारी बाई ती, कन्नड तालुक्यातली. पहिल्यापहिल्यांदा ताट बघून रडायची. नंतर रडणंही थांबलं, नुसती चावायची.

त्याच दिवसांत आमच्या नातीचा, संस्कृतीचा वाढदिवस आला. मुलानं, ऋतुराजनं, आम्हाला सगळ्यांना जालना रोडवरच्या एका हॉटेलात नेलं. आशा आमच्याबरोबर नुसती बसायला आली होती. संस्कृतीनं पॅनकेक मागवला आणि त्याचा एक तुकडा आजीच्या तोंडात घातला. आशा म्हणाली, "अगं बाई, किती मऊ." आणि तिनं हात पुढं करून स्वतः दुसरा घास घेतला. आजार लागल्यापासून कशाचाही दुसरा घास आपण होऊन घेताना मी तिला पाहिलं नव्हतं.

डायलिसिस सेंटरमधल्या आहाराच्या मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, बाहेरचा अजिबात नको, बेकिंग पावडरमध्ये सोडियम असतं, फॉस्फेट असतं, ते यांच्या शरीराबाहेर पडत नाही. तयार पीठ तर मुळीच नको. मग म्हणाल्या, "पावडर न घालता घरी जमत असेल तर करा. अंड्याचा पांढरा भाग त्यांच्या पोटात जायलाच हवा. उकडलेला खात नाहीत त्या."

मी विचारलं, "पावडर नसली तर फुगायचा कसा?"

"ते तुम्ही बघा काका."

मी चिकलठाण्याच्या कंपनीत लेथवर काम करून रिटायर झालो. गॅसची शेगडी मला चहापुरती माहीत होती. पण ते "तुम्ही बघा" मनावर घेतलं. पहिले पॅनकेक चपलेच्या तळासारखे झाले. अंडं रवीनं घुसळून पाहिलं, नुसता फेस आला आणि बसला. मग कंपनीतल्या एका दोस्ताकडून स्टीलची तार आणली आणि तिचाच फेटायचा चमचा वाकवून घेतला. हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली. भांडं कोरडं पाहिजे, तेलाचा हात लागलेला चालत नाही. बलक पुरता बाजूला काढायचा, त्याचा एक धागा जरी पांढऱ्यात राहिला तरी फेस चढत नाही. दोन थेंब लिंबू पिळायचं. साखर थोडी थोडी घालत फेटायचं, हात दुखला तरी थांबायचं नाही. भांडं पालथं केलं आणि फेस जागचा हलला नाही, की झालं. मैद्यात थोडं तांदळाचं पीठ, पाणी आणि नावाला दूध घालून वेगळं कालवायचं आणि फेस त्यात वरून खाली असा अलगद मिसळायचा. ढवळलं की मेला. तवा मंद. पीठ टाकलं की कडेला चार थेंब पाणी शिंपडून झाकण ठेवायचं. वाफेवर तो चढतो. जमला तेव्हा दोन बोटं जाड झाला होता, आणि दाबला तर परत वर येत होता.

आशानं ओट्याजवळ उभं राहून तुकडा मोडला. म्हणाली, "छान झालाय हो. अगदी हॉटेलसारखा."

त्या दिवसापासून डायलिसिसच्या दर सकाळी मी उठून अंडी फेटायचो. आत नातेवाइकाला सोडत नसत. डबा मी दारात तिथल्या कामाच्या मावशीच्या हातात द्यायचो आणि बाहेर बाकावर बसायचो. डबा रिकामा परत यायचा, धुतल्यासारखा. घरी येऊन मी विचारायचो, "जेवतेस का?" ती म्हणायची, "डब्यानं पोट भरलंय." आणि पडून राहायची. दोन वर्षं असं चाललं. तिच्यासाठी मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. एवढं एक येत होतं.

म्हणून मी अक्काला म्हणालो, "ताटात तो असणार. नाहीतर नवमीच नको."

मोनिकानं मध्यम मार्ग काढला. "बाबा, बिनअंड्याचा करू ना. तयार पीठ मिळतं दुकानात. दूध घातलं की झालं, अक्कांनाही चालेल."

"त्यात पावडर असते. तिला चालत नाही."

मोनिकानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आता आईंना सगळं चालतं."

ती वाईट अर्थानं बोलली नव्हती. पण माझ्या कानशिलात आग झाली. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. दोन वर्षं सासूच्या जेवणात मीठ घालू नका म्हणून मी हिच्यावर पहारा ठेवला, असंही बोललो. मोनिका पिशवी तिथंच ठेवून आत गेली. ऋतुराज बाहेर आला, अक्काला म्हणाला, "करू द्या त्यांना काय करायचं ते."

अक्का म्हणाली, "कर बाबा कर. पर माझ्या चुलीपाशी ते नाय. बाहेर कर, तुझ्या हातानं वाढ. अन् सवाष्ण उठली की म्या माझ्या गाडीनं जाणार. मला थांब म्हनू नको."

"जा की."

"जातेच."

अंडी शेवटी मीच आणली.

नवमीच्या सकाळी अक्का आणि मोनिकानं आत खीर, वडे, कढी, भोपळा, गवार, अळूच्या वड्या असा सगळा स्वयंपाक केला. मी गॅलरीत छोटी शेगडी मांडली. वाऱ्यानं आच हलत होती, म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा केला. वर्षभर फेटलं नव्हतं, हात लवकर भरून आला. पहिला पॅनकेक करपला. दुसरा चढला. पुढचे तीन त्याहून चांगले झाले. आतून अक्काचा आवाज येत होता, "झालं का त्याचं लोहारकाम?"

आधी गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं. पानावर सगळं होतं, कडेला माझा पॅनकेक. कावळा आला, त्यानं खिरीकडं पाहिलंही नाही. पॅनकेक उचलला आणि शेजारच्या टाकीवर जाऊन बसला.

मी म्हणालो, "बघितलं का अक्का?"

"काय बघायचं? कावळा साबन बी उचलून नेतो."

पण ती थोडी गप्प झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, तिचं तोंड बंद झालं याचंही बरं वाटलं.

सवाष्ण म्हणून खालच्या मजल्यावरची सायली आली होती. नवी नवी लग्न होऊन आलेली पोर. मान खाली घालून पाटावर बसली. मोनिकानं ओटी भरली, ताट वाढलं. पॅनकेक मी वाढला. सायली सगळं जेवली आणि तो तेवढा राहिला.

"ते खा पोरी," मी म्हणालो. "तिच्या फार आवडीचं होतं."

तिनं मोनिकाकडं पाहिलं. मोनिका भिंतीकडं बघत होती. सायलीनं एक तुकडा तोंडात घातला, मग कढीची वाटी ओढली आणि पॅनकेक कढीत बुडवून बुडवून संपवला. लवकर संपवला.

मी विचारलं, "पोट भरलं का?"

"भरलं काका."

अक्कानं पिशवी उचलली. ऋतुराज तिला स्टँडवर सोडायला निघाला. जिन्यात ती थांबली, माझ्याकडं वळून म्हणाली, "फकिरा, नीट ऱ्हा." मी "हं" म्हणालो. तिला थांब म्हणालो नाही.

घरात मोनिका भांडी आवरत होती. आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी उरलेले दोन पॅनकेक डब्यात घातले आणि सेंटरवर गेलो. तिथं फहमिदा असणार होती, आज तिचा वार होता.

फहमिदाचा पलंग आशाच्या शेजारचा. दोघींचं डायलिसिस एकाच दिवशी असायचं. आत त्या दोघी, बाहेर बाकावर मी आणि तिचा नवरा जहांगीर. त्याचं गाद्या-उशांचं दुकान आहे. आशा गेल्यावर मी तिकडं फिरकलो नव्हतो.

ती बाहेर बाकावर बसली होती. हाताला पट्टी, त्यावर दुसऱ्या हातानं दाबून धरलेलं. फार वाळली होती. मला बघून सावरून बसली.

"भाईसाब! कित्ते दिनां के बाद. बसा बसा. हे रिक्षा बघायला गेले."

मी बसलो. आज आशाचा दिवस होता, असं सांगितलं. नवमी म्हणजे काय ते सांगितलं. मग डबा उघडून पुढं केला. "म्हटलं, तुम्हालाही द्यावा. तुम्ही दोघी बरोबर खायच्या."

फहमिदानं डब्यात पाहिलं. तिचे ओठ हलले, हसू आल्यासारखे, आणि लगेच मिटले.

"ये आज बनाए?"

"आजच. तिच्या ताटात वाढला. बहीण नको म्हणत होती, अंडं म्हणून. भांडलो तिच्याशी. सुनेला बोललो. पण वाढला. कावळ्यानं पहिला तोच उचलला."

"अल्ला." तिनं पट्टीवरचा हात काढून तोंडावर ठेवला. "भाईसाब, उधर बी उसकू येच भेजे?"

मला कळलं नाही. 

"तिथं तरी तिला हे खायला घालू नका हो," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. मग माझ्याकडं पाहून दोन्ही थांबलं. "तुमाला माहीत नव्हतं?"

"काय?"

"मैं नै बोलती. जाने दो."

"बोला. आता अर्धं बोललात तर पुरं बोला."

तिनं पट्टी पुन्हा दाबून धरली. मग म्हणाली, "ती खात नव्हती भाईसाब. एक बी दिन नै. अंडे की बास आती बोलती थी. मेरेकू देती थी, मैं बी एक बार खाई, तोबा. मग मावशीला द्यायची. मावशी बाहेर कुत्र्याला टाकायची. गेटाजवळचा, भुऱ्या रंगाचा."

तो कुत्रा मला माहीत होता. मी आलो की शेपूट हलवत यायचा, बाकाखाली बसायचा. मी जहांगीरला सांगायचो, जनावराला माणूस कळतो.

"हॉटेलात आवडला होता तिला," मी म्हणालो. "दुसरा घास घेतला होता. मी बघितलंय."

"त्याच्यावर लोणी होतं. नमकवालं." फहमिदा हळू बोलत होती, जणू मलाच सुई टोचायची होती. "तिनं मला सांगितलं ना. कित्ते महिनों के बाद जबान कू नमक लगा बोली. उस वास्ते लिया दूसरा निवाला. पॅनकेक काहेका."

समोरून स्ट्रेचर गेलं. आम्ही पाय आत घेतले.

"मला सांगायचं ना मग. मी काय जबरदस्ती केली असती?"

"मैं बी बोली उसकू, बोल दे. वो बोली, नको. ते सकाळी उठून फेटत बसतात, तेवढा वेळ गप असतात. हात रिकामे असले की माझ्यासमोर बसून रडतात, मग मलाच त्यांना समजवावं लागतं. त्यापेक्षा फेटू दे."

मी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. पुन्हा काढून लावलं.

घरी आल्यावर ती म्हणायची, डब्यानं पोट भरलंय. डबा कुत्रा खायचा. म्हणजे डायलिसिसच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात काही नसायचं. मशीनवर चार तास, तेही उपाशी. आणि मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरायचो की माझ्या हातचं खाऊन तिला जरा ताकद येते. मला आशाचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा काही करता येत नाही, जिवंत माणसाचा राग आला तर निदान भांडता येतं. ती समोर असती तर मी विचारलं असतं, मी काय लहान पोर होतो का, हातात खुळखुळा द्यायला? तिनं काय उत्तर दिलं असतं तेही मला माहीत होतं. "होता," म्हणाली असती.

सकाळी तिच्या नावानं एका परक्या पोरीनं तोच पॅनकेक कढीत बुडवून गिळला. मी विचारलं, पोट भरलं का. ती भरलं म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

"भाईसाब, नाराज नका होऊ," फहमिदा म्हणाली. "लई जीव होता तिचा तुमच्यावर."

"हं," मी म्हणालो. ते ऐकायची मला इच्छा नव्हती.

तेवढ्यात जहांगीर आला. दाढी पुरती पांढरी झाली होती. मला बघून त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. "अरे वा, काय योगायोग! मैं याद करता था तुमकू." मग त्याचं लक्ष डब्याकडं गेलं. "वोईच है क्या? फुलेला?"

"हो."

"भाईसाब, मेरेकू सिखाव ये. मॅडम रोज ओरडतात, इनकू अंडे का सफेद खिलाव, नै तो ताकद कैसी आयेगी. ये उबला हुआ मूं में नै लेती. भुर्जी केली, नाही. सूप केलं, नाही. मी घरात बघतोच आहे काय करावं म्हणून. तुमची बीवी कशी खायची खुशीनं, डब्बा साफ यायचा. मी फहमिदाला तेच सांगतो, आशाबाईकू देखो, आदमी बनाके लाता, वो खाती. तुम बोलो, मैं बी सुबे उठके बनाता."

तो बोलत होता आणि त्याच्या पाठीमागं फहमिदा माझ्याकडं बघत होती. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसती बघत होती.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"ऐसा कैसा? तुमीच बनाते थे ना?"

"नाही. तीच करायची. मी नुसता डबा घेऊन यायचो."

जहांगीर हसला. "अरे, तुमीच बोले थे मेरेकू, तार का चमचा बनाया करके."

"तिच्यासाठी वाकवून दिला होता. करायची तीच."

"और ये आज का?"

"सुनेनं केलाय."

त्याचा चेहरा पडला. तरी तो सोडेना. "मग सुनेला विचारून सांगा. फोन पे बता देव."

"विचारतो."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. जहांगीरनं फहमिदाला काखेत हात घालून उठवलं, हळूहळू रिक्षेपर्यंत नेलं, आधी तिचा दुखरा हात आत घेतला, मग तिला बसवलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "खुदा हाफिज, भाईसाब."

जहांगीर तिच्या शेजारी बसला आणि पुन्हा बाहेर डोकावला. "काय काय लागतं तेवढं तरी सांगा. मैदा, अंडे, और? पावडर कौनसी डालते फुलने कू? जाता जाता दुकानातून घेऊन जातो."

"मला काहीच माहीत नाही, जहांगीरभाई," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही."